चार मिलिमीटर जास्त

रविवारी सकाळी सव्वासात वाजता नवनाथ गांगुर्डेच्या पिशवीत सहा दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीची एक डबी, थर्मासमध्ये एक लिटर ताक, अर्धा किलो द्राक्षं, दोन नॅपकिन, एक टोपी आणि पाच मीटरची स्टीलची टेप एवढ्या वस्तू होत्या. पिशवीशेजारी त्याची मुलगी सृष्टी उभी होती. वय आठ वर्षं, उंची एकशे वीस सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर. ही उंची नुकतीच, टाचा भिंतीला लावून आणि डोक्यावर काटकोनाचा गुण्या धरून मोजलेली होती. मग नवनाथ स्वतः, कपड्यांसकट पण चपला काढून, काट्यावर उभा राहिला. एकोणनव्वद किलो सहाशे ग्रॅम.

"म्हणजे मी बसणार ना, पप्पा?" सृष्टीनं विचारलं.

"चार मिलिमीटर जास्त आहेस. कोणाचा बाप अडवत नाही."

मामला 'गरुडझेप'चा होता. महामार्गालगतच्या पार्कातली ही गाडी तीन मजले वर चढून उलटी होत खाली यायची. या बापलेकीला लागू पडणारे तिचे नियम तीन. उंची किमान एकशे वीस. एकशे तीसच्या आत असेल तर सोबत मोठं माणूस हवं. आणि मोठ्या माणसाचं वजन नव्वद किलोच्या वर नको. मागच्या वर्षी सोसायटीची सहल गेली तेव्हा सृष्टी एकशे चौदा भरली होती. सगळी मुलं वर ओरडत होती आणि ती खाली बाकावर अकरा जणांच्या पिशव्या सांभाळत होती. तेव्हापासून सोसायटीत तिचं नाव 'बॅगवाली' पडलं होतं. वर्षभर ती रोज एक ग्लास दूध नाक दाबून प्यायली होती, ती याच दिवसासाठी.

नवनाथच्या मापाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. तो बी.एस्सी. होता आणि पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये परदेशी जाणारी द्राक्षं तपासायचा. त्याच्या हातात अठरा मिलिमीटरची एक कडी असायची. मणी कडीतून खाली पडला की माल नापास. शेतकरी हात जोडत, ओळखी काढत, चहा पाजत. नवनाथ चहा प्यायचा आणि म्हणायचा, "अठरा म्हणजे अठरा." पिशवीतली अर्धा किलो द्राक्षं अशीच कडीतून पडलेली होती. चवीला उत्तम होती.

पार्कात शिरताच सृष्टीनं गरुडझेपेकडे धाव घेतली. नवनाथनं तिला कॉलरला धरून थांबवलं.

"आधी लहान पाळणे. गरुडझेप शेवटी."

"का?"

"दुपारी चारनंतर तिथली रांग कमी होते. मी आठ दिवसांची माहिती काढलीये. त्यात चांगली गोष्ट नेहमी शेवटी ठेवावी."

मग दोघं नऊ पाळण्यांवर बसले. पाळण्यांवर मिळून ते सव्वीस मिनिटं होते आणि रांगांमध्ये पावणेपाच तास उभे. एप्रिलचं ऊन होतं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी ते गरुडझेपेच्या फाटकाशी पोचले. रांग खरोखरच कमी होती. नवनाथनं सृष्टीकडे असं पाहिलं, की जणू ती रांग त्यानंच कमी केली होती.

फाटकावर मापाची पट्टी होती आणि पट्टीवर वरखाली सरकणारी लाकडी फळी. तिथल्या माणसानं सृष्टीला सँडल काढायला लावले, फळी तिच्या डोक्यावर टेकवली आणि डोळे बारीक केले.

"एकशे एकोणीस पॉइंट सहा."

"पट्टी चुकीची आहे," नवनाथ म्हणाला.

"असंल. तुमची लावा."

नवनाथनं पिशवीतली टेप काढली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा तो गुडघ्यावर बसून खालचं टोक पाहून आला. एकशे एकोणीस पॉइंट सहा. सृष्टी श्वास कोंडून, मान ताणून उभी होती. तिच्या खालच्या ओठाला कंप सुटला.

"पप्पा, मी छोटी झाले?"

आणि तेव्हा नवनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अरे हो! दिवसभर उभं राहिलं की पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात. संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. हे शास्त्र आहे! सकाळी ती एकशे वीस पॉइंट चार होती हो!"

फाटकावरचा माणूस गालात हसला. "साहेब, ओळखलं नाय का? मी केरू. वणीकडचा. फेब्रुवारीत भावाची द्राक्षं घेऊन आलतो तुमच्याकडं."

नवनाथला चेहरे लक्षात राहत नसत. "किती भरली होती?"

"सतरा पॉइंट आठ."

"हां हां! केरू! या कडेला उभे होतात तुम्ही."

"तोच मी. सकाळी मळ्यात मोजली तव्हा अठराच्या वर होती. तुमच्या दारात गाडी चार तास उन्हात उभी. मी तुम्हाला म्हणलो, साहेब, उन्हात मणी आकसतो. तुम्ही काय म्हणले?"

नवनाथला आठवलं. पण सांगावंसं वाटेना.

"तुम्ही म्हणले, शास्त्र बरोबर आहे, पण दारात भरेल तेच माप." केरूच्या आवाजात राग मुळीच नव्हता. उलट चांगल्या शिक्षकाचा धडा पाठ म्हणून दाखवावा तसा आदर होता. "पण मला दुसरा नमुना काढू दिला होता तुम्ही. ते मी इसरलो नाय. साडेपाचला फाटक बंद होतं. तोवर कितींदा पण आणा पोरीला, मी मोजीन."

नवनाथनं घड्याळ पाहिलं. गाद्या दबतात तशा त्या फुगतातही. त्यासाठी एकच उपाय होता. आडवं होणं.

समोरच्या हिरवळीवर, गुलमोहराच्या सावलीत त्यानं दोन नॅपकिन अंथरले आणि सृष्टीला उताणं झोपवलं. "हात सरळ. उशी नाही. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. तासाभरात पाच मिलिमीटर मिळतील."

"मला भूक लागलीये."

"झोपून खाल्लं तर ठसका लागेल. नंतर."

सृष्टी निमूट डोळे मिटून पडली. नवनाथ शेजारी बसला. त्याला काळजी वाटू लागली की त्याचा हात आपोआप डब्याकडे जात असे. दशम्या संध्याकाळपर्यंत टिकल्या नसत्या, म्हणून त्या खाल्ल्या. दशम्या कोरड्या होत्या, म्हणून ताक प्यायला. ताक आंबट झालं होतं, म्हणून वर द्राक्षं.

शेजारच्या बाकावर एक बाई पिशव्यांच्या ढिगात बसल्या होत्या. पिशव्या इतक्या, की फक्त बाईंचं डोकं दिसत होतं. त्या खातूनबी, मालेगावहून चाळीस जणांच्या सहलीसोबत आलेल्या. बराच वेळ त्या या बापलेकीकडे पाहत होत्या. लेक निपचित पडलेली, बाप घड्याळ बघत द्राक्षं खाणारा. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"ओ भाऊ, बच्ची को क्या हुआ? ऊन लागलं का?"

"नाही, नाही. तिला फक्त पडून राहायचंय."

"अशी ताठ?" खातूनबी जवळ आल्या. "बेटा, ए बेटा, कसं वाटतंय?"

सृष्टी डोळे न उघडता म्हणाली, "मी वाढतेय."

"हाय अल्ला! पोरगी बरळतेय!"

उन्हाळ्यात घराबाहेर पडताना खातूनबी पदराच्या गाठीत कांदा ठेवत. त्यांनी तो सोडला, बाकावर ठेवून एका बुक्कीत फोडला आणि सृष्टीच्या नाकाशी धरला. सृष्टीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रडतेय बघा बिचारी," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. कारण एव्हाना गर्दी जमली होती.

"पाय वर करा तिचे!"

"अहो, पाणी मारा तोंडावर!"

"बाप काय करतोय?"

"जेवतोय."

नवनाथनं द्राक्षांची पिशवी पाठीमागे लपवली, पण उशीर झाला होता. खातूनबींनी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजीत माणूस खातो. माझ्या अब्बांचं असंच होतं. घ्या, नानखटाई घ्या. घरची आहे." नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. नवनाथनं चार खाल्ल्या.

एवढ्यात शिटी वाजवत प्रथमोपचार खोलीतला संतोष चाकाची खुर्ची ढकलत आला. त्यानं सृष्टीच्या काखेत हात घातला.

"बसवू नका!" नवनाथ ओरडला. "तासाभराची मेहनत वाया जाईल!"

संतोषनं हात मागे घेतला. त्यानं नाडी पाहिली, ताप पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारला. "हिला काही झालेलं नाही."

"तेच सांगतोय मी कधीपासून!" आणि नवनाथनं मणके, गाद्या, सकाळ, संध्याकाळ, केरू, सगळं एका दमात सांगून टाकलं. संतोष ऐकत राहिला. सहा महिन्यांत त्याच्याकडे खरचटलेल्या गुडघ्यांपलीकडे काही आलं नव्हतं.

"पण फाटकापर्यंत चालत गेली तर पुन्हा दबेल की," तो विचार करून म्हणाला. "स्ट्रेचर आणू?"

नवनाथला त्याला मिठी मारावीशी वाटली.

स्ट्रेचर आलं. नियमाप्रमाणे संतोषनं वहीत नोंद केली: रुग्णाची तक्रार, उंची. नेण्याचं ठिकाण, गरुडझेप. मग पुढून संतोष, मागून नवनाथ, मधे ताठ सृष्टी, बाजूला कांदा धरून खातूनबी आणि गर्दीतून पुढे आलेल्या त्यांच्या नात्यातल्या चार मुलींनी उचललेल्या पिशव्या, अशी सगळी मिरवणूक निघाली.

फाटकाशी एव्हाना पुन्हा साठ-सत्तर माणसं जमली होती. त्यांनी गरुडझेपेच्या दिशेनं स्ट्रेचर येताना पाहिलं.

"कोण पडलं?"

"वरून पडली म्हणे एक मुलगी."

"रडतेय अजून, बघ. कांद्याचा वास येतोय."

कुठलीही रांग एवढ्या शिस्तीत मोडली नसेल. दोन मिनिटांत तिथे केरू आणि त्याची फळी एवढंच उरलं. पिशव्या उचलून आणणाऱ्या मुलीही त्या पिशव्या तिथेच ठेवून लांब जाऊन उभ्या राहिल्या.

पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. स्ट्रेचर पट्टीला टेकवून उभं केलं. सृष्टी त्यावरून घसरत अलगद पायांवर आली. केरूनं फळी खाली आणली. संतोषनं टॉर्च धरला. नवनाथनं डोळे मिटले.

"एकशे वीस," केरू म्हणाला. मग अजून जवळ जाऊन म्हणाला, "पॉइंट एक. पास!"

सृष्टीनं किंचाळत उडी मारली. आता दबलं तरी चालणार होतं. संतोषनं नवनाथशी हात मिळवला. खातूनबींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली.

"चला, बसा लवकर," नवनाथनं फाटकाला हात घातला.

"थांबा साहेब. पोरगी एकशे तीसच्या आत हे. सोबतच्याचं वजन." केरूनं बाजूच्या काट्याकडे बोट दाखवलं. तो काटा झाडाच्या सावलीत, फाटकाला चिकटून होता.

"एकोणनव्वद सहाशे. सकाळीच केलंय."

"सकाळचं नका सांगू तुम्ही मला."

नवनाथ पिशवी खाली ठेवून, चपला काढून काट्यावर चढला. लाल आकडे थोडा वेळ नाचले आणि थांबले. नव्वद किलो सातशे ग्रॅम.

सृष्टीनं पिशवीत डोकावून रिकामा डबा, रिकामा थर्मास आणि द्राक्षांचे देठ पाहिले.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "आता तुम्ही आडवे झालात तर?"

"वजनाला तो उपयोग नाही, बाळा."

"शंभर-दोनशे ग्रॅम असते तर..." संतोष म्हणू लागला.

"नव्वद म्हणजे नव्वद," हे नवनाथ आणि केरू एकदमच म्हणाले. नवनाथच्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं.

सृष्टीचा ओठ पुन्हा थरथरला. तिची नजर फाटकाबाहेर पडलेल्या पिशव्यांच्या ढिगाकडे गेली. मग तिनं खातूनबींकडे पाहिलं.

"आजी, या सगळ्या तुमच्या?"

"माझी एकच. बाकी सगळ्यांच्या. सकाळपासून धरून बसलेय. म्हणतात, खालाजान, तुम्ही तर कुठे बसणार नाही ना."

"मागच्या वर्षी मी धरल्या होत्या. अकरा." सृष्टीनं काट्याकडे पाहिलं. "तुमचं वजन किती आहे?"

खातूनबींनी केरूकडे पाहिलं. केरूनं घड्याळाकडे पाहिलं. पाच सव्वीस.

"वय काय तुमचं, मावशी?"

"अठ्ठावन्न."

"बीपी, शुगर?"

"ते आमच्या यांना आहे."

"मग साठच्या आत चालतं. सोबत मोठं माणूस पाहिजे, नातं आम्ही इचारत नाय."

खातूनबी काट्यावर चढल्या. एकावन्न किलो. त्या उतरल्या, पदर खोचला आणि पहिली पिशवी नवनाथच्या हातात दिली. मग दुसरी दिली, तिसरी त्याच्या गळ्यात अडकवली. एवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. शेवटी राहिलेला अर्धा कांदा त्यांनी त्याच्या खिशात टाकला.

"सांभाळा हां, भाऊ. त्या निळीत चष्मे आहेत."

गाडीत त्या दोघीच होत्या. दांडा खाली आला, गाडी करकरत चढू लागली. वरच्या टोकाशी ती क्षणभर थांबली तेव्हा सृष्टीनं खाली पाहून दोन्ही हात हलवले. नवनाथला हात हलवायचा होता, पण एकही मोकळा नव्हता. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून नीट दिसावं यासाठी तो दोन पावलं मागे, सावलीत सरकला. सावलीत उभं राहायला जागा तेवढीच होती.

गाडी सुटली. वरून दोन किंकाळ्या आल्या, त्यातली मोठी खातूनबींची.

"साहेब," केरू म्हणाला, "काट्यावर उभे हे तुम्ही."

नवनाथनं खाली पाहिलं. आकडे नाचून स्थिर झाले होते. एकशे तीन किलो चारशे ग्रॅम.