दुःखात एक गुण कमी

ट्रुडी स्टॉकवेल हिच्या आयुष्यात एक गंभीर उणीव होती. तिचं आजवर काहीही वाईट झालेलं नव्हतं. पस्तिशी गाठेपर्यंत ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, खुद्द तिच्याही नाही. ती उघडकीला आली लोन विलो कम्युनिटी कॉलेजात, नर्सिंगच्या प्रवेशाचे समुपदेशक मिस्टर लायल प्रॅट यांच्या टेबलासमोर.

प्रॅटसाहेब मनाने फार हळवे. समोर कोणी येऊन बसलं की आधी कागदी रुमालांचा खोका हलकेच त्याच्याकडे सरकवायचा आणि मग विचारपूस करायची, ही त्यांची पद्धत. त्यांनी ट्रुडीकडे खोका सरकवला. तिचे गणिताचे गुण पूर्ण होते, रसायनाचे पूर्ण होते, वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबल्याचेही पूर्ण होते. फक्त 'खडतर आयुष्य' या सदरात भोपळा होता, आणि तिथला एक गुण मिळाला नाही तर बाकीचे सगळे असून नसून सारखे होते.

"घरात कोणी दारू पितं का?" प्रॅटसाहेबांनी मायेने विचारलं.

"नाही."

"तुरुंगात कोणी?"

"नाही हो."

"घटस्फोट?"

"कोणाचा?"

"कोणाचाही चालेल. तुमचा, आईवडिलांचा."

"आईबाबा काल नाचायला गेले होते," ट्रुडी म्हणाली. तिला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

प्रॅटसाहेबांनी खोका थोडा आपल्याकडे ओढला. "घरात कुत्रा वगैरे होता का? अलीकडे गेलेला?"

"बिस्किट मजेत आहे, मिस्टर प्रॅट. म्हातारा झालाय, पण मजेत आहे."

खोका परत मूळ जागी गेला. प्रॅटसाहेब म्हणाले की केस कमकुवत आहे, पण धीर सोडू नका, महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, माणसाच्या आयुष्यात तेवढ्यात काहीही होऊ शकतं.

आता यात कॉलेजचा हेतू वाईट होता असं कोणी म्हणू नये. ज्याने स्वतः सोसलंय त्याला दुसऱ्याचं दुखणं कळतं, म्हणून सोसलेल्याला थोडं पुढे घ्यावं, इतका साधा आणि चांगला विचार होता. पण चांगला विचार एकदा समितीपुढे गेला की त्याला पोटकलमं फुटतात. त्यातून जागा मोजक्या आणि उमेदवारांची ही झुंबड. जिल्ह्यातल्या इस्पितळांना नर्स मिळत नव्हत्या आणि नर्स व्हायला निघालेल्यांना जागा मिळत नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा असं मात्र कुठल्याच कार्यालयाला वाटलेलं नव्हतं.

ट्रुडीला घाई होती ती दोन कारणांनी. पहिलं कारण म्हणजे तिचं शरीररचनाशास्त्र शिळं होणार होतं. कॉलेजच्या नियमाप्रमाणे हा विषय सात वर्षं टिकतो, मग तो पुन्हा शिकावा लागतो. सात वर्षांत माणसाचं काळीज उजवीकडे सरकतं की काय, हे तिने एकदा विचारलं होतं. तसं अद्याप आढळलेलं नाही, परंतु नियम सावधगिरीचा आहे, असं उत्तर आलं. तिची सात वर्षं या महिन्याच्या शेवटी भरत होती.

दुसरं कारण म्हणजे मिस ओपल. वृद्धाश्रमातली ही म्हातारी आयुष्यभर शाळेत गाणं शिकवून आता गुडघ्यांना कंटाळली होती. कळ आली की ती घंटी वाजवी आणि ट्रुडी धावत जाई. पाय चेपणं, उशी लावणं, गप्पा मारणं हे सगळं ट्रुडीला करता येई. गोळी मात्र देता येत नसे. गोळी नर्सनेच द्यायची, आणि नर्स साऱ्या इमारतीत एकच, ती नेहमी दुसऱ्या मजल्यावर असे. गोळी कपाटात, कपाट समोर, आणि दोघी एकमेकींकडे बघत बसलेल्या. "बाई, तू लवकर पास हो," मिस ओपल म्हणे, "नाहीतर मी तुझी वाट बघत बघत विनाकारण शंभरी गाठीन." ट्रुडी हसत असे, आणि घरी गेल्यावर पुन्हा अर्ज काढून बसत असे.

त्या संध्याकाळी स्टॉकवेलांच्या घरी मांसाची वडी आणि मॅश केलेले बटाटे यांच्या साक्षीने कौटुंबिक बैठक भरली. ट्रुडीचा नवरा वेंडेल प्लंबर. जगातली कुठलीही अडचण ही मुळात तुंबलेली नळी असते, अशी त्याची श्रद्धा होती.

"सोप्पं आहे," तो म्हणाला. "आपण घटस्फोट घेऊ."

ट्रुडीचा चेहरा उजळला. "खरंच घेशील?"

"अगं, तुझ्यासाठी काहीही."

दुसऱ्या दिवशी दोघं सँडविचं बांधून, हातात हात घालून कोर्टात गेली. खिडकीतल्या बाईने कारण विचारलं तेव्हा वेंडेल म्हणाला की आमचं मुळीच पटत नाही, आणि बोलता बोलता त्याने ट्रुडीच्या ओठाला लागलेली मोहरीची चटणी पुसली. बाईने दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की कायद्याने सहा महिने थांबावं लागेल. सहा महिने कोणाला होते? तेव्हा निदान वेगळं तरी राहू, असं ठरलं. वेंडेल अंगणातल्या जुन्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, राहायला गेला आणि निष्ठा म्हणून बिस्किटही त्याच्याबरोबर गेला.

बातमी चर्चमध्ये पोचायला एक रविवार पुरला. बिचाऱ्या ट्रुडीला नवऱ्याने टाकलं म्हटल्यावर गावातल्या बायका गहिवरून आल्या आणि येताना कॅसरोल, म्हणजे दुःखाच्या घरी न्यायचा ओव्हनमध्ये भाजलेला भरगच्च पदार्थ, घेऊन आल्या. ट्यूना घातलेली, बटाट्याची, वरून चीज, वरून चिप्स. फ्रीज भरला, शेजाऱ्यांचा फ्रीज भरला, उरलेलं खाऊन ट्रेलरमधल्या निर्दय नवऱ्याचं वजन वाढलं. ट्रुडी मोठ्या आशेने प्रॅटसाहेबांकडे गेली. त्यांनी खोका सरकवला आणि विचारलं, "लोकांनी काही आणून दिलं का?"

ट्रुडीला खोटं बोलता येत नसे. तिने सगळं सांगितलं.

"मग भक्कम आधार आहे की तुम्हाला," प्रॅटसाहेब हळहळले. "आधार असलेल्या दुःखाला गुण नाही, मिसेस स्टॉकवेल. आधार नसलेलं हवं." खोका परत गेला.

आता सासरेबुवा पुढे सरसावले. बफर्ड स्टॉकवेल यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, एकदाही सिग्नल मोडला नाही, आणि आता सुनेसाठी ते गुन्हेगार व्हायला निघाले. "पोरी, तू काळजी करू नकोस," ते म्हणाले, "घरात एक कैदी असला की तुझं काम झालं." आधी ते शेरीफची गाडीच घेऊन गेले. हे धुवायला नेतायत अशी ठाण्यातल्यांची समजूत झाली, आणि गाडी परत आणल्यावर त्यांना कॉफी आणि डोनट मिळाला. मग भर दुपारी ते पशुखाद्याच्या दुकानासमोरचा प्लास्टरचा बैल पळवायला गेले. दुकानदार त्यांचा बोलिंगमधला जोडीदार. चोरी होतेय हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्याने बैल उचलायला हात लावला आणि कुठे ठेवायचाय, एवढंच विचारलं.

एव्हाना साऱ्या लोन विलोला या सदराचा पत्ता लागला होता, कारण अर्ज करणारं कोणी ना कोणी घरोघरी होतंच. किराणा दुकानात आता कोणी 'कसं चाललंय' विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायची सोय उरली नाही. असं म्हणणारा तयारीत कमी पडला, असं समजलं जाई. एका बाईने वाचनालयात 'दुर्दैव मार्गदर्शन वर्ग' काढला. डेल नावाचे एक सद्गृहस्थ तीन घरांचे दारुडे काका म्हणून नेमले गेले. ते बिचारे आयुष्यात ताकाखेरीज काही प्यायले नव्हते, त्यामुळे त्यांना आधी झोकांड्या खाण्याचा सराव करावा लागला. एका मुलीची सासू खरोखरच खाष्ट निघाली, तेव्हा बाकीच्यांनी नशीब काढलंस म्हणून तिचं अभिनंदन केलं.

आणि मग, कोणी ठरवलेलं नसताना, खरंच वाईट झालं. बफर्ड पुन्हा, या वेळी एकटेच, बैल उचलायला गेले, बैलासकट पडले आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. इस्पितळात ते घंटी वाजवत पडून राहिले. नर्स येते आहे, येते आहे, असं दर वेळी कोणीतरी दारातून सांगून जाई, आणि नर्स काही येईना. ट्रुडी त्यांचा हात धरून बसली होती. वेंडेल आला तो ट्रेलरमधल्या सर्दीतापाने फणफणलेला.

"बस झालं, ट्रुडे," तो म्हणाला. "बाबा मोडले, मी गोठलो, कुत्रा माझ्यावर गुरगुरतो. कशापायी हे सगळं?"

"तुला काय कळणार? तुला गोळी समोर ठेवून कोणाचं विव्हळणं ऐकावं लागत नाही."

"मग राहा त्या तुझ्या म्हातारीबरोबर," वेंडेल म्हणाला, आणि चालता झाला.

लग्नानंतरचं हे त्यांचं पहिलं भांडण. ट्रुडी तशीच उठून प्रॅटसाहेबांकडे गेली, खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. घरी कोणी नव्हतं, या वेळी कोणी कॅसरोल आणली नव्हती, कोणी पाठीवर हात ठेवला नव्हता. प्रॅटसाहेबांनी खोका सरकवला आणि या वेळी तो तिथेच ठेवला. त्यांचेही डोळे भरून आले. "अभिनंदन, मिसेस स्टॉकवेल," ते म्हणाले, "पूर्ण गुण."

पण पूर्ण गुण सगळ्यांनाच पडले होते. सारं गावच कष्टाने दुःखी झालेलं. बरोबरी झाल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात असा नियम असल्याने व्यायामशाळेत चर्चमधला बिंगोचा, म्हणजे हाऊजीचे आकडे काढायचा, फिरता पिंजरा आणला गेला. उमेदवार आपापली दुर्दैवं सोबत घेऊन बाकांवर बसले. पिंजरा फिरला, प्रॅटसाहेबांनी हात घातला आणि पहिली चिठ्ठी निघाली ती ट्रुडी स्टॉकवेलची.

ट्रुडी ओरडली नाही. ती फक्त उभी राहिली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मागच्या बाकावरून कोणीतरी शिंकलं, आणि ती शिंक वेंडेलची होती हे तिला न वळताच कळलं. तेवढ्यात समितीतल्या एका सदस्याने हात वर केला.

"एक शंका आहे," तो म्हणाला. "इतक्या जणांतून पहिली हिचीच चिठ्ठी निघाली. याला आपण काय म्हणू?"

"नशीब," प्रॅटसाहेब म्हणाले.

"चांगलं की वाईट?"

प्रॅटसाहेबांचा चेहरा पडला. समितीने डोनट मागवून दुपारभर चर्चा केली. जिचं नशीब भर सभेत, सर्वांसमक्ष उघडलं, तिला दुर्दैवाचा गुण देणं म्हणजे खऱ्या दुर्दैवी माणसाची थट्टा होईल, यावर एकमत झालं. ट्रुडीचा गुण वजा झाला. हाच न्याय पुढच्या चिठ्ठीला लागला, आणि तिच्या पुढच्या. मग ज्यांची चिठ्ठी निघाली नव्हती तेच खरे लायक ठरले. ते ऐकून ते आनंदाने नाचू लागले, आणि नाचताना समितीने त्यांना पाहिलं. संध्याकाळी यादी लागली तेव्हा तिच्यावर एकही नाव नव्हतं. कॉलेजच्या इतिहासात यंदा प्रथमच कोणावरही अन्याय झालेला नाही, असं पत्रकात नमूद करण्यात आलं. प्रवेश नाकारला गेल्याचं दुःख पुढच्या वर्षी गुणांत धरण्यात येईल, अशी सवलतही त्यात होती.

ट्रुडीचं शरीररचनाशास्त्र त्याच आठवड्यात शिळं झालं. वेंडेल आणि बिस्किट घरात परत आले. नवऱ्याने माफी मागितली, तिनेही मागितली, आणि फ्रीजमधली शेवटची कॅसरोल दोघांनी मिळून संपवली. आता पुन्हा सगळं आनंदात आहे, म्हणजे पुढच्या वर्षीचंही काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस ओपलने विचारलं, "लागला का नंबर?" ट्रुडीने पहिल्यापासून सगळं सांगितलं, बैलासकट. म्हातारी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या गुडघ्यातून कळ उठली. हसण्याचं कण्हणं झालं. ट्रुडीने घंटी दाबली. नर्स दुसऱ्या मजल्यावर होती. गोळी कपाटात होती. दोघी एकमेकींचा हात धरून दाराकडे बघत बसल्या.

तुम्हालाही हसू आलं असेल. खुशाल हसा. उद्या कधीतरी तुम्हीही असेच पडून असाल, घंटी दाबाल आणि कोणी येणार नाही. तेव्हा आरडाओरडा करू नका आणि नातेवाइकांनाही करू देऊ नका. तुमची सून, मुलगी, नात, कोणालातरी नर्स व्हायचं असेल, आणि तुम्ही किती तळमळलात यावरच तिचा गुण ठरायचा आहे. तेव्हा निमूट पडून राहा, आणि बरं व्हायची घाई करून पोरीचं नुकसान करू नका.