चव्वेचाळीस ग्रॅमचं घुबड

गेल्या गणपतीच्या आधल्या आठवड्यात नाना शेट्यांनी एका प्लॅस्टिकच्या कासवाचा पंचनामा केला. रीतसर, दोन पंचांसमक्ष, लाखेचं सील लावून. पंच क्रमांक एक मी. पंच क्रमांक दोन नानांच्या सौभाग्यवती सुमनकाकू. त्या खोबरं खवता खवता उठून आल्या, ओल्या हातानं सही केली आणि "कासवानं काय केलं ते मागाहून सांगा" म्हणून परत विळीवर जाऊन बसल्या.

मीही सही केली. न वाचता. शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं काढली आहेत मी; वाचून सही करायला लागलो असतो तर शाळा कधीच बंद पडली असती. पंचनाम्यावर तर कुणीच वाचून सही करत नाही. ही सबब नाही. पुढे जे सांगायचं आहे त्याची ही सुरुवात आहे, म्हणून सांगतो.

नाना वजनमापे खात्यात निरीक्षक होते. लांज्यापासून गुहागरपर्यंत एकेका वाण्याचा काटा त्यांनी तपासलेला. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण मासळीबाजारात अजून त्यांना बघून कोळणी आधी वजनं उलटी करून दाखवतात. "शिक्का बघा साहेब आधी. मग बांगडा बघा." बाजारात, लग्नात, मयताला, कुठेही कुणी थोडं वाढवून बोललं की नानांचं ठरलेलं, "मापात बोला." आणि कुणी काट्याला दोष दिला की, "काटा चुकत नाही हो. माणूस चुकतो."

अशा माणसाच्या घरात तो खेळ आला.

नानांचा मुलगा प्रसाद आणि सूनबाई नोकरीसाठी दुबईला गेली, तेव्हा तिकडे घरदार लागेपर्यंत त्यांची मुलगी इरा दीड वर्ष इथे, आमच्या परटवण्यात राहिली. सात वर्षांची होती. तिला करमावं म्हणून प्रसादनं टीव्हीला जोडायचा खेळ पाठवला. त्याच्याबरोबर एक चकती येते आणि बोटभर उंचीची खेळणी. खेळणं चकतीवर ठेवलं की तेच टीव्हीत जिवंत होऊन धावायला लागतं. खेळण्याच्या पोटात एक चिप असते. आपण त्याला जे नाव देऊ, ते खेळात जितक्या पायऱ्या चढेल, तेवढं सगळं त्या पोटात साठतं. खेळणं उचलून दुसऱ्याच्या घरी नेलं तरी तिथे ते आपलं नाव सांगतं.

नाना त्या चकतीला पाट म्हणत. "पाटावर बसल्याशिवाय पान वाढत नाहीत या घरात," असं इराला सांगत. खेळाबरोबर तीन खेळणी आली होती, त्यातलं एक डोक्यावर लोखंडी टोप घातलेलं हिरवट घुबड. नानांनी पहिल्या दिवशीच सोनाराच्या काट्यावर तोललं. चव्वेचाळीस ग्रॅम. वहीत नोंद झाली. इरानं त्याला नाव दिलं 'साहेब', कारण बाजारात आजोबांना सगळे साहेब म्हणत. तेव्हापासून घुबड पाटावर बसलं की टीव्हीत त्याच्या टोपावर अक्षरं तरंगत: साहेब. दीड वर्षात दोघांनी मिळून साहेबांना चौदाव्या पायरीवर नेलं.

खरी भानगड पुढेच होती. खेळात जागोजागी बंद दारं. हे दार उघडायचं तर पाण्यातलं खेळणं हवं, ते उघडायचं तर आगीतलं. आणि ती वेगळ्या पेटीत, वेगळी विकत. नाना त्या पेट्यांना पुरवणी म्हणत. "परीक्षेला मुलाला चार पानांचा पेपर द्यायचा, त्यात आठ पानांचे प्रश्न विचारायचे आणि पुरवणी मागितली की म्हणायचं दुकानातून आण. ही शाळा झाली की लूट?" मला विचारत, जणू ती शाळा माझीच होती.

प्रसाद आणि सूनबाई इराला न्यायला आली त्या दिवशी मी निरोपाला गेलो होतो. रिक्षात बसता बसता इरा म्हणाली, "नाना, नवीन पेटी आली की आधी तुम्ही तपासा हां. चांगली असेल तर लिहा. मी तिथून वाचेन. बाबा एकच घेऊन देतात." घुबड तिनं इथेच ठेवलं. तपासणीसाठी.

झालं. नानांना पुन्हा नोकरी लागली.

गेल्या तीन वर्षांत त्यांनी अकरा पुरवण्या मागवल्या, तपासल्या आणि खरेदीच्या त्या संकेतस्थळावर प्रत्येकीचा अहवाल लिहिला. मजकूर ते सांगत, टंकायचं काम माझं. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी अर्धा तास. भाषा सगळी सरकारी. "सदर पेटीची लांबी एक वीत. पैकी माल अंगठ्याएवढा. उर्वरित जागेत हवा. हवा विकण्याचा परवाना कंपनीने कोठून मिळविला, याचा खुलासा व्हावा." सात नंबरच्या पुरवणीत एक किल्ला निघाला, तो वीस मिनिटांत संपला. त्यावर नानांनी लिहवलं, "माझे वय बहात्तर व उजव्या अंगठ्यास संधिवात असता वीस मिनिटे. सुदृढ बालकास आठ."

सगळ्यात मोठं भांडण झालं ताऱ्यांवरून. तिथे एक ते पाच तारे द्यायचे असतात. नानांना शून्य द्यायचं होतं. मी सांगितलं, शून्याची सोय नाही, कमीत कमी एक. नाना खुर्चीतून उठले. "शून्य नाही? अरे, ज्या काट्याला शून्य नाही तो काटा म्हणायचा? असा काटा दुकानात दिसला असता तर जागच्या जागी जप्त केला असता मी." मग एक तारा दिला आणि खाली ओळ घातली, "हा एक तारा नाइलाजाने देण्यात येत असून तो शून्य समजावा."

बाकी काही म्हणा, ते लबाडी करत नसत. नऊ नंबरची पुरवणी चांगली निघाली तर पाच तारे दिले आणि दिवसभर चुकल्याचुकल्यासारखे वावरले.

प्रत्येक अहवालाची शेवटची ओळ मात्र ठरलेली: "तपासणीस साहेब स्वतः हजर होते." मला वाटे, हे स्वतःबद्दलच लिहितात. एकदा लवकर गेलो तेव्हा कळलं. नाना आंघोळ करून टीव्हीसमोर बसलेले, घुबड पाटावर, पडद्यावर नाव. खेळत नव्हते. नाव बघितलं, "हजर," असं हळूच म्हणाले आणि घुबड उचलून कपाटात ठेवलं. देवपूजा त्यानंतर. काकू म्हणाल्या, "रोजचं आहे. तू काही बोलू नको."

मी बोललो नाही. न बोलणं मला चांगलं जमतं.

आता ते कासव. आमच्याकडच्या खाऱ्या हवेनं खेळाचं जुनं यंत्र गंजून बंद पडलं होतं, नानांनी तसंच दुसरं मिळवलं. त्याच दिवशी अकरावी पुरवणी आली, समुद्रकासवाची. नानांनी दोन्हीचा मुहूर्त एकत्रच काढला. पंचनामा झाला, सह्या झाल्या. लाख वितळवायला नाना आत गेले. जाताना म्हणाले, "अरविंदा, तोवर साहेबांना पाटावर बसव. ते हजर झाले की मग कासव बसव."

मी घुबड ठेवलं. पडद्यावर इंग्रजीत तीन ओळींचा प्रश्न आला. खाली दोन चौकटी, हो आणि नाही. शाळेला उशीर होत होता. मी 'हो' दाबलं.

प्रश्न काय होता ते चौकट गेल्यावर डोक्यात शिरलं. हे खेळणं दुसऱ्या यंत्रावरचं आहे, त्यातलं सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची का, असं विचारलं होतं. मी दाबल्यावर आणखी एकदा विचारलं, नक्की ना? त्यालाही मी 'हो' म्हटलं होतं.

घुबड पडद्यावर उभं राहिलं. पायरी पहिली. टोपावर काहीच नाही.

आतून लाखेचा वास येत होता. मी घुबड उचललं आणि पाटावर कासव ठेवलं. एवढंच केलं मी. दोन सेकंदांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी हाक मारली ती मला आमच्या न्हाणीघरात ऐकू आली. गेलो तर काकू दारात उभ्या आणि नाना घुबड पाटावर ठेवतायत, उचलतायत, फडक्यानं पुसतायत, परत ठेवतायत. मला बघून म्हणाले, "कासवानं खाल्लं रे. नवी पुरवणी लावली आणि साहेबांचं सगळं पुसलं गेलं."

तिथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असं होतं कधीकधी."

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. शिमग्यापर्यंत सहा महिने नानांनी त्या कंपनीला सळो की पळो करून सोडलं. कासवाच्या पेटीखाली अहवाल लिहिला, "ही पुरवणी मुलांची जुनी खेळणी पुसते. सावध." कंपनीला सतरा पत्रं गेली. कंपनीनं नम्रपणे कळवलं की आमच्या पेटीनं असं होऊ शकत नाही, तुमच्याकडून चुकून काही दाबलं गेलं का? त्यावर नाना असे खवळले की काकूंनी रक्तदाबाची गोळी आणून दिली. "माझ्याकडून? चौतीस वर्षांत एका निर्दोष माणसाचा काटा मी जप्त केलेला नाही. दोनदा तोलल्याशिवाय बोट दाखवलं नाही कुणाकडे. आणि हे मला शिकवतात?" हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी टंकलं. सतराच्या सतरा पत्रं. कुठल्याशा गावच्या एका आईनं अहवालाखाली आभार मानले, मुलासाठी घेणार होते, आता घेत नाही. नानांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

शेवटी ग्राहक मंचात जायचं ठरलं. नानांनी साक्षीचा मसुदा केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचून सही कर, अरविंदा. ही तरी वाचून कर."

मी वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात होतं: "पंच क्रमांक एक हे वीस वर्षांच्या शेजारातील असून खोटे बोलत नाहीत."

पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं. दोन वेळा 'हो' दाबल्याचंसुद्धा.

काकूंची विळी थांबली. नानांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हाकलतील. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"सहा महिने," नाना म्हणाले, "एका निर्दोष कंपनीवर खटला चालवला मी. आणि तू शेजारी बसून शुद्धलेखन तपासत होतास."

मी पेनाला टोपण लावलं.

"घुबडाचं मी बघेन. पण मला खोटा केलास तू, मेल्या. आता लिही."

त्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही. नानांनी सतरा पत्रं मागे घेणारं अठरावं पत्र सांगितलं. कासवाचा अहवाल खोडून नवीन लिहवला. कासव खरं तर बरं होतं. साडेतीन तारे देता येत नाहीत म्हणून पुन्हा चिडले आणि चार दिले. त्या अनोळखी आईची माफी मागितली. मग मला शिक्षा सुनावली: मे महिन्यात इरा येणार, तोवर घुबड पुन्हा चौदाव्या पायरीवर नेऊन ठेवायचं. रोज सकाळचा अर्धा तास. नावाची जागा मोकळी सोडायची. "नाव तिनं दिलेलं होतं. ती येऊन देईल. आपण हात लावायचा नाही."

तर शिमग्यापासून आम्ही दोघं खेळलो. मी पन्नाशीचा, ते पंचाहत्तरीचे. मी खड्ड्यात पडायचो आणि नाना ओरडायचे, "उडी मार की रे, चलन भरायला उभा आहेस का?" हापूसच्या पेट्या गावभर फिरायला लागल्या तेव्हा आम्ही अकराव्या पायरीवर होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात चौदावी गाठली. काकूंनी त्या दिवशी खांडवी केली.

इरा आली नाही. तिकडे पोहण्याचं शिबिर होतं. फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. नानांनी तिला घुबडाचं सांगितलं. पुसलं गेलं होतं, पण पायऱ्या परत चढवल्यात, नाव तेवढं सांग, इथून लिहितो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं.

"कुठलं घुबड, नाना?"

नानांनी घुबड पाटावरून उचललं. मग म्हणाले, "काही नाही गं. तपासणीचं एक काम होतं. तू पोहायला जा. लांब जाऊ नको पाण्यात."

फोन ठेवल्यावर मी काहीतरी बोलणार होतो. ते ओळखून माझ्यावरच उसळले. "अकरा वर्षांची पोर आहे. तिनं काय काय लक्षात ठेवायचं? शाळा ठेवायची, पोहणं ठेवायचं, तिकडची भाषा ठेवायची. माल सांभाळायची जबाबदारी आपली होती, अरविंदा. आपली."

मी मान हलवली. ती माझी होती.

नाना उठले. कपाटातून सोनाराचा काटा काढला, खिडकीची झडप लावली, म्हणजे वाऱ्यानं पारडं हलायला नको. एका पारड्यात घुबड ठेवलं, दुसऱ्यात वजनं. मग वही उघडून इरा असतानाच्या पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. चव्वेचाळीस. पारड्यातही चव्वेचाळीस.

त्यांनी घुबड उतरवून परत ठेवलं. दोनदा तोलल्याशिवाय ते बोलत नाहीत.

"नाव होतं तेव्हाही एवढंच होतं," ते म्हणाले. मग वही मिटली.

"काटा चुकतोय रे, अरविंदा."