नाना किती डिग्री?

“वायर कुठंही खुपसा, नाना. माझं यंत्र आपल्या माणसाला बरोबर ओळखतं,” असं जितेंद्रने लोटननानांना छातीठोकपणे सांगितलं.

जितेंद्र धुळ्याचा, इंजिनीयर, आणि शिरपूरच्या नानांची कामिनी त्याच्या मनात भरलेली. नाना केळीचे बागायतदार. स्थळाला त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “पहिले मनी केळी पिकाडी दखाड, मंग लगीननं बोलूत,” एवढंच म्हणाले.

मग काय, पठ्ठ्याने केळी पिकवायच्या खोलीबाहेर लिनक्सवर चालणारा छोटासा बोर्ड ठोकला. त्याला दोन वायरी. एक आतल्या थर्मामीटरची, दुसरी दाराजवळच्या मोठ्या वजनकाट्याची. खोली तापली की बोर्डाने कॉम्प्रेसर लावून ती थंड करायची आणि डिग्रीचा आकडा जितेंद्रच्या मोबाइलवर धाडायचा. आधी बोर्ड ज्याला त्याला हजेरीच्या क्रमाने नंबर द्यायचा आणि वीज जाऊन आली की सगळा गोंधळ. म्हणून जितेंद्रने नियम लिहिला. वायरीत कंपनीने घातलेला नंबर वाचायचा आणि नाव आपोआप ठेवायचं. हा नंबर दिसला की ‘गारवा’, दुसरा कुठलाही दिसला की ‘काटा’. थर्मामीटरच्या वायरीचा नंबर त्याने वाचला. काट्याच्या वायरीचा वाचायचा कंटाळा केला.

खंडेनवमीला नानांच्या बहिणीने, सुंदरबाई अक्कांनी, विळ्याकोयत्यांबरोबर बोर्डही पुजायला घेतला. वायरी उपटल्या, पुसल्या, हळदकुंकू लावून परत खुपसल्या. आता यंत्राला कोणी बोट लावू नये म्हणून नाना स्वतः राखणीला बसले. दाराशी टेकायला जागा एकच होती, वजनकाटा.

संध्याकाळी जितेंद्र पेढे घेऊन आला. येता येता मोबाइल पाहिला आणि त्याला घाम फुटला. खोलीत ब्याण्णव डिग्री! दार उघडून आत धावला तर दातावर दात वाजायला लागले. गारठून केळीच्या साली काळपट पडल्या होत्या.

“काय व्हयनं?” म्हणत नाना उठले. कॉम्प्रेसर गप्प. मोबाइलवर शून्य डिग्री. नाना काळजीने पुन्हा बसले. कॉम्प्रेसर घरघरला. ब्याण्णव.

“नाना, तुमचं वजन किती?”

“ऐंशी.”

“ब्याण्णव,” मोबाइलमध्ये डोकावत अक्का म्हणाल्या.

“अक्का, तुम्ही वायरी बदलल्या का हो?”

“तूच म्हनेल शे ना, कोठेबी खुपसा.”

जितेंद्रने दोन्ही वायरी तपासल्या. धुळ्याच्या एकाच दुकानातला स्वस्त माल. कंपनीने सगळ्या वायरींत एकच नंबर घातलेला. म्हणजे दोन्ही गारवाच, आणि शेवटी लागेल तिचं नाव पक्कं. अक्कांनी काट्याची वायर शेवटी लावली होती. बोर्ड बिचारा दिवसभर नानांना थंड करायला जिवाचं रान करत होता.

नानांनी एक काळं केळं हातात घेऊन नीट निरखलं.

“एक नंबरन्या दोन वायरी जेले वळखू येत नही, तेले मी पोर कशी देऊ? मना घर जुळ्या पोरी शेतस.”

“वायरींचं वेगळं, नाना,” जितेंद्र कळवळून म्हणाला. “कामिनीला मी हजारांत ओळखीन.” तेवढ्यात ती चहा घेऊन दारात आली. तो तिच्याकडे वळला. “कामिनी, तू तरी सांग ना यांना.”

“मी मयुरी शे, भाऊ,” ती म्हणाली आणि चहा नानांपुढे ठेवला.