तिसऱ्या अंकाचं कुलूप

"तीन प्रयत्न पुरे आहेत," रिना म्हणाली. "बाबांना मी ओळखते."

चंद्रपूरच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या रिनाला असं बोलायचा अधिकार होता. रहस्यकथेतला खुनी तिला पन्नासाव्या पानावर सापडे आणि उरलेली पानं ती केवळ लेखकाचा मान राखायला वाचे. तिथं एका निवृत्त शिक्षकाच्या जुन्या लॅपटॉपची काय कथा!

तो शिक्षक म्हणजे तिचे वडील, श्रीहरी गुरुजी. धान कापणीला यायच्या आधीच ते गेले. शाळेतून निवृत्त झाले, तरी गावच्या नाटक मंडळातून मात्र झाले नव्हते. दरसालचं नाटक तेच लिहीत आणि तेच प्रॉम्प्टिंग करत. आता या झाडीपट्टीत प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचं इंजिन! धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, मंडईत रात्रभर नाटक होतं, आणि नाटकाची नायिका नागपूरहून त्याच दिवशी दुपारी उतरते. ती पाठ काय करणार? प्रॉम्प्टर विंगेत बसून एकेक वाक्य म्हणतो, ती ते उचलते, रडते, टाळ्या घेते आणि सकाळच्या गाडीनं परत जाते.

मंडई चार दिवसांवर आली होती. "रक्ताचं नातं गेलं पाण्यात" अशी पोस्टरं गोंडपिपरीपर्यंत लागली होती. पहिल्या दोन अंकांचे छापील कागद मंडळाचे मालक प्रफुलभाऊ यांच्याकडे होते. तिसरा अंक मात्र गुरुजी कधीच कोणाला देत नसत. शेजारच्या मंडळानं एकदा त्यांचा शेवट आठ दिवस आधीच खेळून दाखवला होता. तेव्हापासून तिसरा अंक फक्त लॅपटॉपमध्ये असे आणि प्रयोगाला गुरुजी तो मांडीवर घेऊन बसत.

रिनानं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि मधोमध एक छोटं कुलूप आणि रिकामी चौकट उगवली.

"हां, झालं सुरू," मीराबाई म्हणाल्या आणि मागे टेकून बसल्या.

"सुरू नाही झालं, आई. अडलंय. आत जायच्या आधीच पासवर्ड मागतोय."

"म्हणजे काय मागून राह्यला?"

"एक गुपित शब्द. लोक बहुतेक जवळच्या माणसाचं नाव ठेवतात."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे रिनाला पुढच्या चार दिवसांत अनेकदा वाटलं.

"जयभीम टाका, ताई," तिसरा अंक न्यायला आलेले प्रफुलभाऊ म्हणाले. "गुरुजी दुसरं काऊन ठेवतील?"

टाकलं. नाही. मग रिनानं आईचं नाव टाकलं. नाही. तिसऱ्या वेळी कोणाला न सांगता तिनं स्वतःचं नाव टाकलं. लॅपटॉपनं एक लांबलचक आकडा दाखवला आणि जागच्या जागी गोठला. रिनानं तो मिटला. आपलं नाव नाही, हे मनाला एवढं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"माह्यं नाव नाई," मीराबाई हळूच म्हणाल्या. "तुह्यं बी नाई. मंग कोणाचं?"

आणि त्यांची नजर भिंतीवरच्या पोस्टरकडे गेली. पोस्टरवर नायिका रुपाली बत्तीस दात दाखवून हसत होती. गेली सहा वर्षं तीच येत होती.

त्या दिवसापासून घरात कोणाचाच कोणावर विश्वास राहिला नाही. मीराबाई दारात आलेल्या प्रत्येकाला चहा देत आणि कप हातात पडला की विचारत, "गुरुजी नाटकाच्या टायमाले कोणाकोणाशी बोलत?" लोक चहा अर्धा टाकून पळू लागले. प्रफुलभाऊ दिवसातून तीनदा येत. "ताई, लॅपटॉप माह्या घरी ठेवा. माह्या साळ्याले कम्प्युटरातलं कळते."

त्यांचा हा मेव्हणा मुलचेऱ्याला खताचं दुकान चालवतो, हे रिनाला माहीत होतं. एवढी घाई कशाची? आत नाटकाखेरीज आणखी काही आहे का? खुनी पन्नासाव्या पानावर दिसायला लागला की तिला जसं वाटे, तसंच आता वाटू लागलं.

प्रफुलभाऊंना वेगळीच शंका होती. पोरीला पासवर्ड ठाऊक आहे आणि ती तिसरा अंक दुसऱ्या मंडळाला देणार आहे!

मंडईच्या दोन दिवस आधी सकाळी रिना कोणाला न सांगता गोंडपिपरीच्या बसमध्ये बसली. लॅपटॉप कोणाला दिसू नये म्हणून तिनं तो धानाच्या रिकाम्या थैलीत घातला होता. ती थैली तिनं बसमध्ये छातीशी अशी धरली होती, की शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू आजारी हाय का व?"

तिथल्या एका दुकानात सूरज नावाचा दुरुस्तीवाला मोबाइलची काच बसवत होता. त्यानं थैली पाहिली, थैलीतून निघालेला लॅपटॉप पाहिला आणि पडद्यावरचं कुलूप पाहिलं.

"बिल?"

"बिल नाही."

"मालक?"

"वारले."

"पासवर्ड?"

"तोच तर माहीत नाही."

"अन् थैलीत काऊन आणला?"

रिना थैलीची घडी घालू लागली. सूरजनं लॅपटॉप हळूच आपल्या बाजूला ओढला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली केलं.

"बाई, राग नोका मानू. असं कुलूप असलेलं मशीन आलं की मी पहिले चौकशी करतो. गावातल्या कोण्या भल्या माणसाचा नंबर द्या."

भला माणूस म्हणून रिनानं नाइलाजानं प्रफुलभाऊंचा नंबर दिला. सूरजनं फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो, श्रीहरी गुरुजीची मुलगी म्हणून एक बाई—"

"धरून ठेवा तिले!" फोन ओरडला. "नाटक घेऊन पळून राह्यली ते! मी आलोच!"

गंमत म्हणजे हाच आवाज शटरच्या बाहेरूनही आला. प्रफुलभाऊ बसच्या मागोमाग मोटारसायकलनं निघाले होते आणि दुकानासमोरच उभे राहून बोलत होते. शटरखालून आधी त्यांचे बूट दिसले. मग बुटांशेजारी एक ओळखीची हिरवी साडी दिसली.

"आई?"

"मले बी ते नाव ऐकाचं हाय," मीराबाई वाकून आत येत म्हणाल्या. "कोणाचं बी असो. माह्यासमोरच निघालं पायजे."

सूरजनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चोरांची टोळी अशी नसते, एवढं त्याला समजलं असावं. त्यानं शटर वर केलं.

"काकू, नाव नाई निघत. हे कुलूप मशीनच्या बोर्डात राह्यते, ते वाचता येत नाई. पण कुलूप दाराले हाय, सामानाले नाई. मी आतली डिस्क काढतो अन् माह्या कम्प्युटरले लावतो. फायली दिसतील."

"म्हणजे नाव कधीच नाई कळणार?"

"नाई."

"मंग तू कोण्या कामाचा रे बाबू!"

रिनानं अट घातली की डिस्क लागेल तेव्हा दोघांनीही बाहेर थांबायचं. प्रफुलभाऊंनी आवाज चढवला. "माह्यं मंडळ हाय!"

"बाप माझा आहे," रिना म्हणाली. हे तिनं इतक्या हळू म्हटलं, की प्रफुलभाऊ आपोआप बाहेर गेले आणि चहा सांगू लागले.

डिस्क लागली. गुरुजींनी सगळं शाळेच्या कपाटासारखं लावून ठेवलं होतं. दर नाटकाचा वेगळा कप्पा, आणि त्यात पहिला अंक, दुसरा अंक, तिसरा अंक. रिनानं "रक्ताचं नातं"चा तिसरा अंक उघडला.

वर मथळा होता. तिसरा अंक. खाली काहीच नव्हतं.

तिनं पान खाली ओढलं. पांढरं. आणखी ओढलं. आणखी पांढरं. मग तिनं मागच्या वर्षीचं नाटक उघडलं, ज्याच्या शेवटाला म्हणे बायका चपला विसरून घरी गेल्या होत्या. मथळा, आणि खाली पांढरं. त्याच्या आदल्या वर्षीचंही तसंच.

"व्हायरस," सूरज गंभीरपणे म्हणाला. "असा व्हायरस नाई पाह्यला मी. तिसराच अंक खाते!"

रिना पडद्याकडे बघत राहिली. नटांना पाठ नसतं. प्रॉम्प्टर म्हणेल ते ते म्हणतात. मग प्रॉम्प्टरच्या मांडीवर काय आहे, हे बघणार कोण? बाबा दरसाल पहाटे विंगेत बसून सुचेल तसा शेवट बोलत आले होते, आणि सारा गाव तो खरा धरून रडत आला होता. कुलूप तिसऱ्या अंकाला नव्हतंच. तिसरा अंक नाही, याला होतं!

"हाय का?" बाहेरून प्रफुलभाऊंनी विचारलं. तिकिटं खपली होती, मंडप उभा राहिला होता. गुरुजींचं नाव पोस्टरवर त्यांनीच सगळ्यांत मोठं छापून घेतलं होतं. आता "गुरुजींनी शेवट लिहिलाच नाही" असं रिना म्हणाली, तर ते नाव पुढच्या मंडईपर्यंत चहाच्या टपरीवर हसण्यावारी जाणार होतं.

"आहे," रिना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतकं सरळ खोटं बोलली. "पण तिसऱ्या अंकाला प्रॉम्प्टिंग मी करणार. लॅपटॉपवरून. बाबांसारखं."

"हे मात्र संशयास्पद हाय," प्रफुलभाऊ म्हणाले. पण दुसरा प्रॉम्प्टर आणणार कुठून?

नाटक रंगलं. बापाची भूमिका प्रफुलभाऊंचीच होती. पहिल्या अंकात ते पाच मिनिटं खोकून मेले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघं भाऊ एकमेकांवर चोरीचा आळ घेऊन तलावाच्या पाळीवर कुऱ्हाडी उगारून उभे राहिले आणि मध्ये बहीण, म्हणजे रुपाली. पडदा!

पूर्वेला फटफटायला लागलं तेव्हा तिसरा अंक सुरू झाला. सूरजनं डिस्क परत बसवून दिली होती. रिना विंगेत बसली, मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर कुलूप. मागे थर्मास घेऊन मीराबाई, जशा त्या दरसाल बसत.

रिनानं सुरुवात केली. वाक्यं चांगली होती. मोजकी, संयमी. "दादा, शब्द संपले की माणसं हत्यारं उचलतात," वगैरे. रुपाली ते म्हणत गेली. मंडपात कोणीतरी खोकलं. मग बरेच जण खोकले. मागच्या रांगेतले लोक चहाला उठू लागले.

"ताई," रुपाली डोळे पुसायचं नाटक करत विंगेकडे वळून कुजबुजली, "हे काय भाषण हाय का? रडवा ना जरासं!"

रिनानं पडद्याकडे पाहिलं. कुलूप. रिकामी चौकट. आता काय बोलायचं? उचललेल्या कुऱ्हाडी खाली कशा आणायच्या? बाबांनी काय केलं असतं? आणि विचार पुरा व्हायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, कॉलेजातल्या नव्हे, घरातल्या बोलीत, "थांबा रे! बाप मेला नाई!"

रुपाली दचकली, पण तिचा आवाज खणखणीत होता. "थांबा रे! बाप मेला नाई!"

उठलेले लोक जागच्या जागी बसले.

"त्याले आवाज द्या! एकदा मनापासून आवाज द्या, तो येते!"

"त्याले आवाज द्या! तो येते!"

"बाबा!" रिना म्हणाली. रुपालीच्या आधी दोघा भावांनीच ते उचललं. कुऱ्हाडी टाकून ते ओरडले, "बाबा!" मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली. मग सगळा मंडप.

बापाचा पत्ता नव्हता. बाप मंडपामागे रंग पुसून, खांद्यावर टॉवेल टाकून भजी खात होता. दोन माणसांनी त्याला दंडाला धरून उचलून आणलं.

"अबे, मी तं मेलो होतो ना!" प्रफुलभाऊ कळवळून म्हणाले. आणि तोवर ते ऐन रंगमंचावर पोचले होते.

हे वाक्य कोणीही लिहिलं नव्हतं. पण मंडप ढसाढसा रडला. मुलगे पायावर पडले, रुपाली गळ्यात पडली आणि प्रफुलभाऊ एका हातातली भजी लपवत दुसऱ्या हातानं सगळ्यांना आशीर्वाद देत राहिले. विंगेत रिनाला पुढचं काही दिसेना. तशी गरजही नव्हती. दोन महिन्यांत जे झालं नव्हतं, ते डोळ्यांतून चाललं होतं.

पडदा पडल्यावर प्रफुलभाऊ धावत आले. "गुरुजीनं मले जिता केलं अन् मलेच नाई सांगतलं! ताई, या अंकाची एक प्रत द्या मले."

रिनानं लॅपटॉप मिटला. "लॉक आहे, भाऊ."

ते गेले. मीराबाई थर्मासातून चहा ओतत होत्या.

"आई, तू दरसाल त्यांच्या मागेच बसायचीस. तुला कधी काही दिसलं नाही?"

"दिसे ना. हेच कुलूप दिसे, पाखरं बोलेपर्यंत. मले वाटे, तिसरा अंक असाच राह्यते." त्या चहावर फुंकर मारून म्हणाल्या, "मी तं पह्यल्याच दिवशी बोलली होती तुले, झालं सुरू म्हणून."

खुनी पहिल्याच पानावर होता आणि रिनानं ते पान वाचलंच नव्हतं.

"आता एक काम कर," मीराबाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "ते रुपालीचं नाव टाकून पाय. माह्यी हिंमत नाई झाली आजवरी."

रिनानं लॅपटॉप उघडला आणि टाकलं. चौकट लाल झाली. चुकीचा पासवर्ड.

मीराबाईंनी समाधानानं थर्मासचं झाकण लेकीपुढे धरलं.

"चांगला माणूस होता," त्या म्हणाल्या.