पाकिटातल्या पाच गोळ्या

मंगळवारी सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात उभं राहून डबलचेकने वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सातच भरल्या. रविवारी दहा आणल्या होत्या, सोमवारी एक घेतली होती. म्हणजे नऊ हव्यात. मग दोन गेल्या कुठे?

डबलचेक हे त्याचं गोदीतलं नाव. तो क्रेन चालवायचा. माणसांच्या डोक्यावरून लोखंडाची पेटी न्यायच्या आधी ब्रेक दोनदा, साखळी दोनदा आणि खाली कोणी उभं नाही ना हे तीनदा बघायचा. लोक हसायचे, पण एकवीस वर्षांत त्याच्या क्रेनने कोणाच्या टोपीलासुद्धा धक्का लावला नव्हता. अशा माणसाला काल किती गोळ्या गिळल्या तेच आठवेना.

प्रकरण सुरू झालं व्यायामापासून. इमारतीच्या हॉलमध्ये रोज साडेसहाला एक मास्तर व्यायाम घ्यायचे. डबलचेक, त्याची बायको आणि बाहत्तर वर्षांची आई आठवड्यापासून तिथे जात होती. उठाबशा काढताना त्याच्या गुडघ्यातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण डावीकडे आई निमूट उठतेय, बसतेय. उजवीकडे बायको हसतमुख. आता यात कण्हायचं कोणत्या तोंडाने? म्हणून त्याने डोकेदुखीचं निमित्त सांगून गोळ्या आणल्या, औषधांच्या डब्यात ठेवल्या आणि सोमवारी व्यायामाआधी गुपचूप एक घेतली. गुडघा गप्प झाला. मास्तर तर इतके खूश, की सगळ्यांना थांबवून म्हणाले, "बघा, याला म्हणतात कुटुंब. उद्यापासून विसाच्या तीस."

घरच्यांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. गोळीचं नाव काढलं की बायको अर्धा तास बोलायची, आणि आपल्याला गोळी गिळताच येत नाही असं आई गेली वीस वर्षं सांगत होती. राहता राहिला तो स्वतः. आज एकही घ्यायची नाही असं ठरवून त्याने डबा बंद केला आणि तो दाढी करायला गेला.

त्या दिवशीच्या तीस उठाबशा त्याने ओठ चावून काढल्या. घरी आल्यावर, उगाच आपली खात्री करावी म्हणून, पाकीट पुन्हा बघितलं. पाच.

तो मटकन खुर्चीवर बसला. गोळी घ्यायची नाही असं ठरवलेलं स्पष्ट आठवत होतं, आणि तरी दोन गेल्या होत्या. गुडघा मात्र अजून ठणकत होता. म्हणजे गोळ्या लागूही पडेनात. पाकीट खिशात घालून तो थेट औषधाच्या दुकानात गेला.

"माझ्या एका मित्राने व्यायामाआधी गोळ्या घेतल्या," तो म्हणाला. "दोन दिवसांत पाच."

"व्यायामाआधी एकसुद्धा घेऊ नये," दुकानदार म्हणाला. "दुखणं झाकलं जातं आणि माणूस दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत बसतो. शिवाय पोटाला त्रास, मूत्रपिंडावर ताण. मित्राला म्हणावं, आजच डॉक्टरांना दाखव."

"सांगतो."

"आणि मित्राला लंगडत जाऊ नको म्हणावं, रिक्षा कर."

गोदीत पोचल्यावर डबलचेक क्रेनच्या शिडीपाशी उभा राहिला. खाली आठ जण काम करत होते. ब्रेक बघितला असं आपल्याला वाटलं आणि बघितलेलाच नसला, तर? तो शिडी न चढता सुपरवायझरकडे गेला.

"साहेब, मला क्रेनवरून काढा. मी विसरायला लागलोय."

सुपरवायझर बघतच राहिला. "तुम्ही? अहो, मागच्या वर्षी माझी किल्ली कुठे राहिली तेसुद्धा तुम्हीच सांगितलं होतंत."

"ते मागच्या वर्षी."

आता स्वतः क्रेनवाल्यानेच असं सांगितल्यावर सुपरवायझर तरी काय करणार? त्याने क्रेनवर दुसरा माणूस चढवला आणि डबलचेकला कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी निरोप धाडला की घरच्यांनाही बोलवा, माणूस विसरतो की नाही ते घरचेच सांगतील. दुपारी चार वाजता बायको आणि आई धापा टाकत येऊन बसल्या.

"हे विसरतात का?" बाईंनी विचारलं.

"काहीच विसरत नाहीत," बायको म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

डबलचेकने पाकीट टेबलावर ठेवलं. "दहातल्या पाच गेल्यात. मला एकच आठवतेय. बाई, मी पुन्हा क्रेनवर चढू शकेन ना?"

बायको पंख्याकडे बघत होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिला राहवेना.

"दोन माझ्या," ती हळूच म्हणाली. "एक काल, एक आज. तुम्ही दाढी करत होतात तेव्हा."

"तू? आणि उरलेल्या दोन?"

आई पिशवीत मघापासून रुमाल शोधत होती. तो काही सापडत नव्हता.

"आई, तुला तर गोळी गिळता येत नाही ना?"

"पाण्याबरोबर येते," आई म्हणाली. "मग काय करू? तुम्ही दोघं हूं की चूं करत नाही. मी एकटीनेच कण्हून म्हातारी ठरायचं होय?"

"अहो आई, तुम्ही कण्हत नाही म्हणून तर आम्ही..." बायको म्हणाली.

बाईंनी तिघांनाही तपासलं आणि तिघांचीही बिनपाण्याने केली. गोळ्या बंद, उठाबशा जमतील तेवढ्याच, आणि दुखलं की तिथेच थांबायचं. पाकीट त्यांनी स्वतःच्या खणात टाकलं. मग सुपरवायझरला फोन करून सांगितलं, "माणूस ठणठणीत आहे. गुडघा बरा झाला की क्रेनवर घ्या." ते ऐकून डबलचेकच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईला शेवटी रुमाल सापडला. तो तिने त्याला दिला.

बुधवारी मास्तरांनी तीस म्हटलं. सहाव्या उठाबशीला तिघंही एकदम "आई गं" म्हणून कण्हली आणि सतरंजीवर बसली. सगळा हॉल थांबला. मास्तर लगबगीने त्यांच्याजवळ आले आणि भिंतीला धरून, जपून, खाली टेकले.

"बरं झालं बसलात," ते कानाशी येऊन म्हणाले. "तुम्ही थांबेनात म्हणून मलाही थांबता येईना. आज गोळी घेऊनच आलोय."

आईने सतरंजीवर त्यांच्यासाठी थोडी जागा केली.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "आणि कण्हा मोकळेपणानं."