सल्लागार जागेवर भेटत नाहीत

सोमवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी ग्लेंडा ओस्बीच्या संगणकावर लाल निशाण लागलेल्या एका विद्यार्थिनीचं नाव आलं. नाव होतं ग्लेंडा ओस्बी.

तिने आधी चष्मा पुसला. मग विद्यार्थी क्रमांक स्वतःच्या ओळखपत्राशी ताडून पाहिला. नऊच्या नऊ आकडे जुळले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: संख्याशास्त्र, तीन तास गैरहजर.

प्लम क्रीक कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य केंद्रात ग्लेंडाला बारा वर्षं झाली होती. एखाद्याने तीन तास बुडवले की शिक्षक निशाण लावायचे. निशाण लागलं की त्याच्या पुढच्या सत्राच्या नोंदणीला आपोआप कुलूप पडायचं. सल्लागाराने त्याला समोर बसवून, ठरलेले अकरा प्रश्न विचारून नोंद केली, की कुलूप निघायचं. विद्यार्थी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटलेले होते आणि एम ते आर ही अक्षरं ग्लेंडाकडे होती. ओ हे अक्षर एम आणि आरच्या मध्ये येतं हे तिला बालवाडीपासून ठाऊक होतं. त्याचा आपल्याला कधी त्रास होईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

एरवी ती हसून मोकळी झाली असती. पण जुलैपासून कॉलेजात नवा नियम लागू होणार होता: सल्लागाराकडे किमान दोन वर्षांची पदवी हवी. ग्लेंडाचे दोनच विषय राहिले होते. संख्याशास्त्र चालू होतं आणि उन्हाळ्यात वक्तृत्व घ्यायचं होतं. वक्तृत्वाची नोंदणी शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होती. ती हुकली तर पदवी हुकणार, आणि पदवी हुकली तर तिची बदली पार्किंगच्या परवान्यांच्या खिडकीवर होणार, लॉइडच्या शेजारी. लॉइड तिथे अकरा वर्षं शब्दकोडी सोडवत होता. माणूस चांगला होता, पण दिवसभर त्याच्याशेजारी बसायचं म्हणजे आडवे-उभे शब्द सांगत म्हातारं व्हायचं.

तिने सरळ ‘कुलूप काढा’ हे बटण दाबलं. ‘स्वतःच्या नोंदीत कर्मचाऱ्यास बदल करता येत नाही,’ असं संगणकाने कळवलं. तेवढ्यात तिच्या फोनवर एक ई-मेल आला.

‘प्रिय ग्लेंडा, तू अडचणीत आहेस असं मला जाणवलं. माझं दार तुझ्यासाठी सदैव उघडं आहे. तुझी, ग्लेंडा.’

निशाण लागलेल्या प्रत्येकाला आपोआप जाणारा हा मजकूर तिचाच होता. चार वर्षांपूर्वी तिने तो दोन दिवस खपून लिहिला होता आणि डीननी त्याचं कौतुकही केलं होतं. आज वाचताना तो तिला थोडा चिकट वाटला.

मंगळवारी तास संपल्यावर तिने क्विम्बी सरांना गाठलं. सर तिच्या मुलाच्या वयाचे होते आणि सगळं पेन्सिलीने लिहायचे. निशाण मागे घ्या, असं तिने त्यांना सांगून पाहिलं.

“मागे घेता येत नाही,” ते म्हणाले. “ऑगस्टमध्ये तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? ‘विचार करत बसू नका, तीन तास बुडले की दाबा, पुढचं आम्ही बघतो.’”

“ते मुलांसाठी होतं हो.”

“यादीत वय दिसत नाही. आणि ग्लेंडाबाई, तुमचा प्रकल्पही आलेला नाही. खरी आकडेवारी गोळा करायची होती. शुक्रवारपर्यंत द्या.”

खाली केंद्रात तिची सहकारी सल्लागार मारिसोल बाका जेवत होती. एस ते झेड तिच्याकडे होते. तिने डबा बाजूला सारून ग्लेंडाची नोंद उघडून पाहिली, पण ओ अक्षराला तिचा हात पोचत नव्हता.

“अगं, सोपं आहे,” ती म्हणाली. “सल्लागार बदलून मागण्याचा फॉर्म भर आणि माझ्याकडे ये. मी दहा मिनिटांत मोकळी करते तुला.”

फॉर्ममध्ये कारण निवडणं सक्तीचं होतं. कारणं तीन होती: सल्लागाराचं वागणं उद्धट आहे, सल्लागाराने चुकीची माहिती दिली, सल्लागार जागेवर भेटत नाहीत.

“‘इतर’ कुठे गेलं?” मारिसोलने विचारलं.

“मीच काढलं. लोक तिथे निबंध लिहायचे.”

बराच विचार करून ग्लेंडाने त्यातल्या त्यात सौम्य असं तिसरं कारण निवडलं आणि फॉर्म पाठवला. बुधवारी सकाळी डीन वॉरन टिबेट्स यांचं पत्र आलं. एका विद्यार्थिनीने तुमच्याविरुद्ध तक्रार केली आहे, गुरुवार संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्यावा, शुक्रवारी साडेतीन वाजता दोन्ही बाजू समोरासमोर ऐकल्या जातील. त्याच पत्राची दुसरी प्रत तिच्या विद्यार्थी खात्यावर आली. तिथे सूर बराच प्रेमळ होता. तक्रार करायला धैर्य लागतं, असं डीननी तिला कळवलं होतं.

आता खरं तर तिने हसायला हवं होतं. पण ‘जागेवर भेटत नाहीत’ हे वाक्य छापलेलं पाहिलं आणि ग्लेंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत दारात माणूस असताना ती एकदाही जागेवरून हलली नव्हती. संख्याशास्त्राचे तीन तास बुडाले तेही त्यामुळेच. तास मंगळवारी आणि गुरुवारी बारा ते दीड असे, आणि त्याच वेळी केंद्रात माणसांची रीघ लागे. कुणाला नाही कसं म्हणायचं? खुलासा द्यायचा तर पुराव्यानिशी द्यायचा, असं ठरवून तिने दारातली अभ्यागतांची वही काढली. मग तिच्या लक्षात आलं, की ही खरी आकडेवारीच आहे. एका दगडात दोन पक्षी मारावेत म्हणून ती त्या दिवशी जेवायलाही उठली नाही. गेल्या तीन आठवड्यांतल्या पंधरा दुपारी मिळून दोनशे बारा माणसं आली होती. तिने कामांप्रमाणे त्यांचे गट पाडले, टक्के काढले, आणि आलेलं उत्तर दोनदा तपासलं. मग बराच वेळ ती दाराबाहेर बघत बसली.

शुक्रवारी वॉरनच्या खोलीत त्याच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर ‘विद्यार्थी’ अशी चिठ्ठी होती, दुसरीवर ‘सल्लागार’.

“वॉरन, हे जरा…”

“मला कळतंय, ग्लेंडा. पण तक्रार नोंदली गेली की सुनावणी करावीच लागते. ती झाल्याशिवाय मला तुम्हाला मारिसोलकडे पाठवता येत नाही. डावीकडे बसा. आधी तक्रारदार.”

ग्लेंडा डावीकडे बसली. निशाण लागून पाच दिवस झाले आणि अजून आपलं कुलूप निघालेलं नाही, असं तिने सांगितलं. मग वॉरनच्या खुणेसरशी ती उठून उजवीकडे बसली आणि आपण रोज दुपारी सरासरी चौदा जणांना भेटतो, घास पोटात जात नाही, असं तिने जरा चढ्या आवाजात ऐकवलं. खुलासा तिने टेबलावर ठेवला. त्यात वर्तुळाकार आलेखही होता.

“यातला हा मोठा भाग कशाचा?” वॉरनने विचारलं.

“पार्किंग.”

“म्हणजे?”

“परवाना कुठे मिळतो, एवढंच विचारायला येतात. दोनशे बारांपैकी एकशे एकतीस. शंभरात बासष्ट.”

“पण पार्किंगचा बाण आहे ना व्हरांड्यात. मी स्वतः लावून घेतला होता.”

दोघं बाहेर जाऊन आले. बाण होता. पण त्याला पार झाकून तीन फुटी फलक होता: ‘इथे या, कुठलाही प्रश्न क्षुल्लक नसतो.’ तो जानेवारीत ग्लेंडानेच शिडीवर चढून लावला होता.

परत आल्यावर वॉरनने चष्मा कपाळावर सरकवला. “शेवटचा प्रश्न विद्यार्थिनीला. सल्लागारांच्या खुलाशाने तुमचं समाधान झालं का?”

ग्लेंडा पुन्हा डावीकडे जाऊन बसली. उत्तर ओठांवर होतं, ‘हो’. एवढं म्हटलं की सुटका होती. पण या खुर्चीतून ती उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “बाई कष्टाळू आहे, मान्य. पण दुसरं कुणी तास बुडवून आलं असतं, तर हिनेच त्याला झापलं असतं, की बाबा, आधी तुझा तास, मग जगाची कामं. मला एकदाही म्हणाली नाही.”

वॉरनने ते शब्दशः लिहून घेतलं आणि सही केली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मारिसोलकडे दोन मुलं आधीच बसली होती. तिने रांग मोडली नाही. ग्लेंडाही काही बोलली नाही, कारण ‘रांग सर्वांना सारखी’ ही पाटी तिचीच होती. पावणेपाचला तिचा नंबर लागला आणि मारिसोलने कागद समोर ओढला.

“प्रश्न पहिला. राहायला सुरक्षित जागा आहे का?”

“मारिसोल, सरळ अकरा वेळा हो लिही.”

“समोरासमोर विचारायचे असतात. तूच मला ओरडली होतीस यावरून. दुसरा. घरी पुरेसं खायला मिळतं का?”

“काल माझा अर्धा केक कुणी खाल्ला?”

“म्हणजे हो. तिसरा. मदत मागायला संकोच वाटतो का?”

ग्लेंडाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “वाटतो,” ती म्हणाली. मारिसोलने मान वर केली नाही, फक्त तो रकाना भरला आणि उरलेले आठ प्रश्न भराभर उरकले. चार सत्तावन्नला ग्लेंडाची वक्तृत्वाची नोंदणी झाली. प्रकल्प दोन मिनिटांनी गेला.

पुढच्या मंगळवारी बाराला पाच कमी असताना तिने फलक उतरवला, दार ओढून घेतलं आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला: ‘बारा ते दीड बंद. पार्किंग उजवीकडे, तिसरी खिडकी.’ मग ती तासाला जाऊन पहिल्या रांगेत बसली.

एक पस्तीसला ती परतली, तेव्हा दाराशी लॉइड उभा होता. शर्ट घामाने भिजला होता. शब्दकोड्याची घडी खिशात तशीच कोरी होती.

“बावीस माणसं आली,” तो म्हणाला. “एका दुपारी. ग्लेंडा, मला पाणी प्यायला उठता आलं नाही. हे कुणाला सांगायचं असतं?”

ग्लेंडाने दार उघडलं, त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि कागद घेतला.

“आडनाव काय रे तुझं?”

“प्रुइट.”

“पी. म्हणजे माझ्याकडेच आलास,” ती म्हणाली. “प्रश्न पहिला.”