जावई काही उतरेना

"तुमाले हे खोटं वाटन. वाटू द्या! मी काही तुमच्या भरोशावर सायकल नव्हतो चालवत."

असं म्हणून जगदेवने आपल्या ओसरीवर जमलेल्या मंडळींकडे डोळे वटारून पाहिलं, सुपारीचं खांड दाढेखाली सारलं आणि गोष्ट सुरू केली. ऐकणाऱ्याशी आधी भांडण काढायचं आणि मग गोष्ट सांगायची, ही त्याची जुनी खोड. केनवडात ती सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कोणी उठून गेलं नाही.

पहिलं इलेक्शन होऊन गेलं होतं, राज्य अजून नागपुरातून चालत होतं, आणि जगदेवची बायको रंगूबाई दिवाळीला म्हणून शेलूबाजारला माहेरी गेली होती ती परत आली नव्हती. भांडण झालं नव्हतं. झालं होतं ते भांडणाहून वाईट. तुळशीचं लग्न आटोपल्यावर चुलतसाळ्याच्या लग्नाला जगदेव तिकडे गेला आणि भर पंगतीत, पानावर बुंदी पडत असताना सांगून बसला की, आपण केनवडाहून सायकलने निघतो, अकोल्याला चहा पितो आणि जेवायला घरी येतो.

बुंदी वाढत होती रंगूबाई. ती थांबली.

"यायले तं सायकलची घंटी बी वाजवता येत नाई," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

पंगत हसली. वाजंत्रीवाले हसले. सासरे दौलतराव तेवढे हसले नाहीत, आणि जगदेवला तेच जास्त झोंबलं. त्यांनी सावकाश ताक पिऊन मिशी पुसली.

"असं करा, जावाईबापू. आमची पोरगी न्यायले आता सायकलवरच या. बैलगाडी पाठवान तं रिकामी वापस जाईन."

"अन् मी बी बैलगाडीत नाई बसत!" बुंदीच्या परातीमागून आवाज आला.

"येतो!" जगदेव पानावरून अर्धा उठला. "तिले मांगं बसवून नाई नेलं तं मिशी उतरवून देतो!"

आता मिशी आणि बायको, दोन्ही पणाला लागली. केनवडात आल्या आल्या त्याने भाऊसिंग सायकलवाल्याच्या दुकानातली सगळ्यात उंच सायकल काढली आणि बालमित्र खेमाला कॅरिअर धरायला लावून खळ्यावर शिकायला सुरुवात केली. चालवायला तो लवकर शिकला. अडचण दोन्ही टोकांना होती. चढायला खेमा लागायचा आणि उतरायला कडब्याची गंजी. सायकलला ब्रेक होते, पण ते शोभेचे. गंजी दिसली की जगदेव तोंड मिटून, डोळे मिटून तिच्यात घुसायचा. केनवडात गंज्यांना तोटा नव्हता, त्यामुळे उतरायला शिकावं असं त्याला कधी वाटलंच नाही.

"त्यात लाजायचं काय हाय?" तो ओसरीवरच्यांवर डाफरला. "गोळी बंदुकीतून सुटते, ते काय उतरायचं शिकून सुटते?"

एकट्याने सासुरवाडीला जाणं म्हणजे शरण जाणं. मंडळाने जाणं म्हणजे स्वारी. म्हणून 'केनवड सायकल मंडळ' निघालं. जगदेव, खेमा, पंक्चर काढायला भाऊसिंग, आणि हुरड्याच्या आशेने आलेला रामधन. मागे घोंगड्या, दांडीला भाकरीची फडकी, आणि जगदेवच्या हँडलला रंगूबाईच्याच जुन्या लुगड्याचा भगवट तुकडा, निशाण म्हणून. रिठदवरून वाशीम, वाशीमवरून शेलूबाजार, मुक्काम करत करत जायचं ठरलं. पौषातले दिवस. ज्वारी हुरड्यात आलेली, तुरी शेंगांनी वाकलेल्या, पांदणीत धूळ घोट्याएवढी आणि त्या धुळीत बाभळीचे काटे. भाऊसिंग सायकलवर कमी आणि रस्त्याच्या कडेला उलट्या सायकलपुढे जास्त दिसत होता.

घोळ झाला रिठदला. पारावर म्हातारी मंडळी बसली होती. अशा मंडळींपुढून सायकलवर बसून जायचं नसतं. खाली उतरायचं, सायकल हातात धरायची, रामराम घालायचा. त्या काळी ते जनावरालाही कळत होतं. खेमा उतरला, भाऊसिंग उतरला, रामधन उतरला. जगदेवने चौफेर पाहिलं. गंजी कुठेच नव्हती. तो पाराला वळसा घालून गेला, आणि फिरून आला, आणि पुन्हा गेला.

"कोनाचा रे हा माजोरी?" एक म्हातारा काठी आपटून कडाडला. "म्हाताऱ्या मान्साईपुढं सायकल नाचवून राह्यला काय?"

दुसऱ्याने तर वहाण हातात घेतली होती. तेव्हा खेमाच्या तोंडून जे निघालं ते त्याच्या सात पिढ्यांत कोणाच्या तोंडून निघालं नसेल.

"त्याचा नवस हाय, बाबा! घरची लक्षुमी माहेरी हाय. तिले आनल्याबिगर पाय मातीले नाई लावत."

वहाण खाली गेली. म्हाताऱ्याने पागोटं सारखं केलं आणि हात जोडले.

"काय सांगून राह्यला बे त्यायले?" जगदेव बाजूने जाता जाता ओरडला.

"तू गुमान फिर!" खेमा ओरडला.

मग काय! आयाबाया धावल्या. एकीने फिरत्या चाकाला कुंकू लावायला हात पुढे केला, ते कुंकू तिच्याच कपाळापासून कोपरापर्यंत उडालं. एकीने भाकरीवर झुणका घालून धावता धावता जगदेवच्या तोंडात कोंबला. आपला नवस काय आहे हे जगदेवला चौथा घास गिळताना कळलं. कळल्यावर मात्र त्याची मान ताठ झाली. रामधन तेवढा रिठदलाच राहिला. त्याला हुरडा मिळाला होता आणि त्याने कसलाच नवस केला नव्हता.

गावाबाहेर गंजी पाहून पडायचं, असा जगदेवचा बेत होता. तो रीतिभातीने बुडवला. आपल्याकडे पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवतात. हा तर नवसाचा पाहुणा. रिठदकर त्याच्यामागे टाळ कुटत शिवेपर्यंत आले. शिवेवर पुढच्या गावचे लोक घ्यायला उभे, कारण बातमी मोटारीने कधीच पुढे गेली होती. एकांनी सोडलं की दुसऱ्यांनी धरलं. दोन गावांच्या मधे माणूस पडू शकेल एवढी मोकळी जागाच कोणी ठेवीना. उजवीकडे डावीकडे सोन्यासारख्या गंज्या निघून जात होत्या आणि जगदेव त्यांच्याकडे, उपाशी माणसाने जिलेबीकडे पाहावं, तसा पाहत होता. खोटा नवस असा लोकांनी खरा करायला घेतला.

"म्हंजे वाशीम येईस्तोर उतरलाच नाई?" ओसरीवरच्या फुलसिंगने विचारलं.

"वाशीमात बी नाई! मुक्कामाले देवळाभवती फिरत राह्यलो. लोकं पाळीपाळीनं मांगून धरत अन् मी हँडलवर डोकं ठेवून डुलकी घेत जाओ."

"अन्... लघवीले?"

"ते भाऊसिंगले इचार. तो माह्या मांगून येत होता."

मंडळी हसून हसून आडवी झाली. जगदेव हसला नाही. लोक हसले की तो जास्तच ताठ व्हायचा.

शेलूबाजारला ते पोचले त्या दिवशी नेमका बाजार. वेशीवर डफडं वाजत होतं. दौलतरावांनीच लावलं होतं. बिचारे करतात काय? पोरगी अडवून ठेवणारे तेच, आणि आता साऱ्या मुलखात त्यांचा जावई नवसाचा म्हणून गाजत आलेला. पटका बांधून ते दारात उभे राहिले. शेजारी सासूबाई सोजरबाई, हातात तांब्या आणि परात. जावई दारात आला की पाय धुवायचे, मग उंबरा. आणि त्यांच्याही मागे, चौकटीला टेकून, हाताची घडी घालून रंगूबाई.

घरासमोरच बाजाराचं पटांगण होतं. एका कडेला कासारणीचं बांगड्यांचं दुकान, दुसरीकडे लाल मिरच्यांचे ढीग, तिसरीकडे मडकी. कडबा म्हणून काडी नव्हती.

"या, जावाईबापू! झाला तुमचा नवस. उतरा!" दौलतराव गरजले.

"नाई उतरत!"

"काहून?"

याचं कारण सुचायला जगदेवला पटांगणाची एक अख्खी फेरी लागली.

"पयले रंगूले मांगं बसवा! मंग घरी जाऊनच उतरतो!"

"अहो, पाय धुतल्याबिगर जावाई पोरगी नेत नाई! रीत हाय आमची!"

"मंग धुवा!"

बाजार बंद पडला. दुकानं टाकून लोक गोळा झाले. सोजरबाई नऊवारी खोचून तांब्या घेऊन सायकलमागे धावल्या. पहिलं पाणी चेनीवर पडलं, दुसरं भाऊसिंगवर, तिसरं मिरच्यांच्या ढिगावर. मिरचीवाला बोंबलला. चौथा तांब्या मात्र नेमका जगदेवच्या उजव्या पायावर बसला आणि बाजाराने टाळ्या वाजवल्या.

"एक झाला!" सोजरबाई धापा टाकत म्हणाल्या. "डावा इकडं करा!"

"उलटा फिरू काय आता?"

"च्या घेतल्याबिगर पोरगी नाई पाठवत!" दौलतरावही हट्टाला पेटले. जावई तसा सासरा. बशीतून चहा आला. अर्धा जगदेवच्या पोटात गेला, अर्धा धोतरावर.

पण आता त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. फेऱ्या लहान होत चालल्या, सायकल बांगड्यांकडे झुकायची, मग मडक्यांकडे झुकायची. इथे पडला तर लग्नातल्या पंगतीपेक्षा मोठं हसू होणार होतं. मिशी जाणार होतीच. तिचं काय, ती पुन्हा उगवते. रंगूबाई एकदा हसून घरात गेली, तर मात्र पुन्हा बाहेर येणार नव्हती. जगदेवने दात आवळले. मेलो तरी पायडल मारतच मरीन, असं त्याने ठरवलं. फक्त एकदा, चौकटीजवळून जाताना, त्याने मान वाकडी केली.

"रंगू, मले उतरता येत नाई वं..."

आणि तो पुढे निघून गेला. उत्तरासाठी पुन्हा अख्खं पटांगण फिरून यावं लागलं.

"माहीत हाय," ती तोंड न हलवता म्हणाली. "पयल्याच फेरीत समजलं."

आणखी एक फेरी.

"मंग हसत काहून नाईस?"

आणखी एक.

"दम धरा. बोचकं घेऊन येतो."

ती आत गेली, बोचकं काखेत मारून आली, आईच्या पाया पडली, बापापुढे वाकली. मग कासोटा घट्ट केला, सायकलीबरोबर दहा पावलं धावली आणि चालत्या कॅरिअरवर अशी टुणकन बसली की सायकल मिरच्यांकडे गेली, बांगड्यांकडे गेली आणि सरळ होऊन वेशीकडे सुटली. डफडं मागे धावलं. दौलतराव जावयाचा शेला हातात घेऊन धावले.

"जावाईबापू, शेला! शेला तं घ्या!"

"ठेवून घ्या!" जगदेव ओरडला. मागे वळून पाहायची त्याची छाती नव्हती, पण ओरडला मात्र असा की जणू शेलूबाजार जिंकून निघालाय.

ओसरीवर ऐकता ऐकता फुलसिंगच्या हातातली विडी विझून गेली होती.

"मान्लं, गड्या," तो म्हणाला. "नवस मान्ला, पाय धुतलेले मान्ले, सारं मान्लं. पन शेलूबाजार ते केनवड, मांगं बाईमानूस घेऊन?"

"थेट!" जगदेवने मांडीवर थाप मारली. "चढ पाह्यला नाई, उतार पाह्यला नाई. मी पायडल मारून राह्यलो अन् रंगू मांगं बसून. मधात एक डाव बी पाय टेकवला असन तं सांगा! तुमाले खोटं वाटत असन तं..."

"मले वाटून राह्यलं."

दारात रंगूबाई उभी होती. हातात तुरीच्या डाळीचं सूप. तिने ते एकदा पाखडलं. फोलपटं जगदेवच्या मांडीवर येऊन पडली.

"नवस खरा. पाय धुतले ते बी खरं, माह्या मायनंच धुतले. पन शिवेबाहेरच्या पयल्याच नाल्यात रेतीवर उतानं कोन पडलं होतं? दिवाळीपासून मी भावाची सायकल घेऊन शिकली नसती, तं आज बी तिथंच पडून असते. अन् तिथून केनवड येईस्तोर मांगं बसून, माह्या पदराचं टोक मुठीत धरून, 'हळू चालव वं, हळू चालव' कोन म्हने? तेवढं बी सांगा ना यायले!"